खापरावरची पोळी आणि पंधरा वर्षांचं दही

माझ्या उजव्या हाताच्या बोटावर पहिला पांढरा डाग उमटला तेव्हा मी नववीत होते. तो कशाने आला हे डॉक्टरांच्या आधी फुईने सांगितलं. फुई म्हणजे माझी आत्या. लहानपणी मायने मला मटणाबरोबर दही चारलं असणार, असा तिने निकाल दिला. आमच्याकडे कोडाचं कारण सगळ्यांना पाठ असतं. माय आठवून आठवून थकली. तिला तसं काही आठवेना, पण 'नाही चारलं' असं ठामपणे म्हणायची तिची छाती झाली नाही. त्या दिवसापासून तिने दही खाणंच सोडलं. विरजण रोज लावायची, सगळ्यांना वाढायची, स्वतःच्या ताटात थेंब घ्यायची नाही. दह्याशिवाय जिच्या घशाखाली खिचडी उतरत नसे ती बाई पंधरा वर्षं कोरडी खिचडी खात राहिली. मला याचा आजही राग येतो.

पुढे धुळ्यातल्या एका त्वचेच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं की, खाण्याचा आणि या डागांचा काडीचा संबंध नाही. मायने मान हलवली, घरी आली आणि पुन्हा कोरडी खिचडी. डॉक्टर शिकलेले होते, पण फुई नणंद होती.

डाग हळूहळू कोपरापर्यंत चढले. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. मी देवपुरातल्या एका शाळेत शिकवत होते, आणि पोरांना माझ्या हातांपेक्षा हातातल्या छडीची काळजी जास्त. मला लागलं ते दुसरंच. खापराची पोळी मला गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा चांगली जमायची. चुलीवर मातीचं खापर पालथं घालायचं, आणि कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत पसरवत, धोतरासारखा पातळ करून त्यावर टाकायचा. लग्नाकार्यात मला मुद्दाम बोलावणं यायचं. मग पिंपळनेरच्या एका लग्नात फुईनेच माझ्या हातावरची पोळी काढून घेतली. "तू दमनी व्हशी, बस जरा," म्हणाली. मी दमले नव्हते. त्यानंतर मला कोणी खापराजवळ बोलावलं नाही, आणि मीही घरातलं खापर माळ्यावर टाकून दिलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धाकटा भाऊ आखातातून सुट्टीवर आला. तिथे तो एका हॉटेलच्या भटारखान्यात होता. येताना त्याने ब्लँकेट आणलं, टेपरेकॉर्डर आणला, आणि डोक्यात शोरमा आणला. सळईला लावून भाजलेलं मांस कापायचं, पोळीत भरायचं, वर लसणाचं दही ओतायचं आणि गुंडाळी करून हातात धरून खायचं, असं त्याने समजावलं. दही म्हटल्यावर माय चुलीसमोरून उठून बाहेर गेली.

मी त्याला विचारलं, तिकडे खरंच मटणावर दही खातात का.

"तठे बठ्ठा लोके हाईच खातस, अक्का. कोनले डाग नही."

मी त्याच क्षणी ठरवलं की रविवारी हे करायचं, आणि मायच्या तोंडात ते दही जाईपर्यंत हटायचं नाही. डॉक्टरांनी सांगून जे झालं नव्हतं ते मला करून दाखवायचं होतं.

रविवारी नेमकी पाचोऱ्याहून फुई आली, भाच्याला भेटायला. मला वाटलं, बरं झालं, तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे. भावाने बिनहाडाचं मटण रात्रीच दही, लसूण, मिरी आणि दालचिनीत मुरवत ठेवलं होतं. ते त्याने सायकलच्या आऱ्यांवर ओवलं. अंगणात वांगी भाजतो तशा कपाशीच्या काड्या पेटवल्या, आणि पहिला आरा असा जळाला की शेजारचं कुत्रंही नुसतं बघून परत गेलं. तिकडे गॅस असायचा, इथे काड्या भडकतात हे तो विसरला होता. मग निखारे होईपर्यंत थांबलो. दही फडक्यात टांगून घट्ट केलं, त्यात लसूण ठेचून घातला. माझ्या चपात्या मात्र गुंडाळायला घेतल्या की फाटायच्या. तिथली पोळी मोठी आणि पातळ असते, असं तो म्हणाला.

मी माळ्यावरून खापर काढलं.

चार वर्षांनी हात खापराच्या पोळीला लागले, पण ते काही विसरले नव्हते. बाह्या वर सारल्या आणि पोळी कोपरापर्यंत पसरवली. पांढऱ्या डागांवर पांढरी कणीक. पहिली पोळी खापरावर जास्त राहून पापडासारखी मोडली. दुसरी मी ओलसर असतानाच उचलली, त्यात मटण भरलं, वर पळीभर दही घातलं आणि गुंडाळली.

फुई इतका वेळ खाटेवरून सगळं बघत होती. आता मायला म्हणाली, "मटणवर दही? या घरमा? आनि त्याच हातनी पोळी? इतलं व्हयनं तरी तुले अक्कल नही उनी?"

बोलली मायला, माझ्याकडे पाहिलंही नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "फुई, हात मना शेतस. जेले नको त्यानी उठी जावं." मोठ्या माणसाशी असं बोलले याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आताही वाटत नाही. ती उठली नाही.

मी ती गुंडाळी मायसमोर धरली. तिचे हात मांडीवरच होते. ती माझ्या कोपराकडे पाहत होती, बोटाकडे, पहिला डाग आला होता तिकडे. आता नाही म्हणाली तर ती मरेपर्यंत गुन्हेगारच राहणार, हे मला कळत होतं. भाऊही निखारे हलवायचा थांबला.

मायने गुंडाळी घेतली. मोठा घास घेतला, भुकेल्या माणसाचा. चावताना ती फुईकडेच पाहत होती, नजर न हलवता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते तिने पुसलं नाही. गिळून झाल्यावर तिने उरलेली पोळी माझ्यासमोर उघडून धरली.

"दही कमी शे," ती म्हणाली. "आखो टाक."

मी आणखी दोन पळ्या टाकल्या.