काकांचं अर्धं राहिलेलं पुस्तक

चाकणच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर, मशीनपाशी, मोबाइल नेता येत नाही. जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तेव्हा गायकवाडकाकांच्या मुलीचे, सुजाताचे, सात मिस्ड कॉल होते. फोन लावला, तर ती एवढंच म्हणाली, "संतोषदादा, पप्पा गेले." डबा तसाच बंद केला. सुपरवायझरने विचारलं, कोण होते तुझे? काय सांगणार... गायकवाडकाका माझे नात्याने कोणी नव्हते.

हिंगोलीकडून नववी सोडून आलो, तेव्हा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी हमालीच करत होतो. काका तिथे तपासणीला होते. एकदा त्यांनी माझ्या हातात माप घ्यायचा व्हर्नियर दिला आणि म्हणाले, "धर नीट, चमचा नाही तो." नववी नापास म्हणून मी प्रत्येक कागदाला घाबरायचो. त्यांनी मला भागांची मापं दाखवणारं ड्रॉइंग वाचायला शिकवलं. आज मशीनवर उभा आहे, गावी आईला पैसे जातात, ते त्या व्हर्नियरमुळे. त्यांचा पहिला नियम लाल पेटीचा. खराब भाग एक मिनिटही टेबलावर ठेवायचा नाही, लगेच लाल पेटीत टाकायचा, चांगल्यात मिसळला तर घात. हा नियम माझ्या हाडात मुरला.

निवृत्तीनंतर आकुर्डीच्या घरी ते पुस्तक लिहायला बसले. माझ्यासारख्या शाळा सुटलेल्यांसाठी, ड्रॉइंग कसं वाचायचं, सरळ मराठीत. एका बोटाने टाइप करायचे. दर रविवारी मला बसवून धडा वाचायला लावायचे. "तुला कळलं ना, मग कुणालाही कळेल," म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. तीन वर्षांत बावीस धडे झाले. छापायचं ते पूर्ण झाल्यावर एकदम, असा त्यांचा हट्ट होता.

मग कॉम्प्युटर आतून टकटक वाजायला लागला. फाइल उघडायला चहा होऊन जाईल एवढा वेळ. काकांची तेव्हा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. मी म्हटलं, मी नेतो. भोसरीच्या दुकानदाराने खोका उघडून ऐकलं आणि सांगितलं, "हार्ड डिस्क गेली राव. नवीन टाकतो, विंडोज टाकतो, पळेल बघा." संध्याकाळी घ्यायला गेलो तर त्याने विचारलं, "जुनी पाहिजे का?"

मी म्हणालो, "खराब भाग परत नेऊन काय करू? स्क्रॅपला टाका."

"कंपनीवाले दिसताय," तो हसला. मला त्याचं बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. मला वाटायचं, पुस्तक कॉम्प्युटरात असतं. हार्ड डिस्क म्हणजे बेअरिंगसारखं काहीतरी, झिजलं की बदलायचं.

काकांनी कॉम्प्युटर चालू केला. स्वच्छ निळा पडदा. ते बराच वेळ माउस फिरवत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनी कुठंय?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. "भंगारवाला घेऊन गेला की. तुम्हीच म्हणालात ना भाऊ, टाका म्हणून." नेण्यासारखं आत काही आहे का, असा एक शब्द त्याने आदल्या दिवशी विचारला नव्हता. मी भांडलो, त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवलं. भंगारवाल्याकडेही गेलो, पोत्यांच्या ढिगात हात घातला, काही नाही. निगडीच्या दुसऱ्या दुकानात सगळं सांगितलं. तिथला माणूस म्हणाला, "टकटक वाजत होती, पण फाइल उघडत होती ना? मग मेली नव्हती. आणली असती तर बहुतेक निघालं असतं सगळं." हे वाक्य मी काकांना कधीच सांगितलं नाही.

काका मला रागावले नाहीत. "चहा घे," म्हणाले. पुढच्या रविवारी गेलो तर पडद्यावर होतं, धडा पहिला. आता एक ओळ लिहून खुर्चीला टेकायचे. मी समोर बसून ते बघायचो. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो, पण त्यांनी तेवढंही केलं नाही... कधीकधी याचाच राग येतो मला.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, त्यांच्या आठवणी सांगताना, लोक पुस्तकाबद्दल भरभरून बोलले. आजाराने अपूर्ण राहिलं, असंच सगळे म्हणाले. मी मागच्या सतरंजीवर बसून होतो. उठून खरं सांगायचं धाडस झालं नाही.

सुजाताने तो कॉम्प्युटर मलाच दिला. भोसरीच्या खोलीत पत्र्याच्या पेटीवर ठेवलाय. फाइलची नक्कल दोन पेन ड्राइव्हवर केली, आता. दुसऱ्यांदा लिहिताना काका नवव्या धड्यापर्यंत आले होते. शेवटचे दोन महिने मी ओव्हरटाइममुळे गेलो नव्हतो, म्हणून तो धडा मी वाचला नव्हता. नाव, लाल पेटी. पहिल्या वेळचा हा धडा मला तोंडपाठ होता, शब्दन् शब्द तोच निघाला. शेवटी मात्र एक ओळ नवीन आहे.

"भाग लाल पेटीत टाकण्याआधी, त्याच्याबद्दल आपल्याला पूर्ण माहिती नसेल, तर जाणत्याला विचारा. विचारायला लाजू नका."

त्याखाली पान कोरं आहे. शिफ्टवरून आलो की मी ते पुढे लिहायला उघडून बसतो. दहावा धडा कसा सुरू व्हायचा, तेही मला पाठ आहे. पण एक आकृती कुठल्या बाजूने काढायची, तिथे अडतो. विचारायला लाजत नाही आता, काका.