जीपले बैल
ओल्या काळ्या मातीत डिझेलचा वास मिसळला की मला आईच्या डोक्यावरची वांग्यांची पाटी आठवते. पावसाळ्यात आमच्या शेतात बैलबंडी रुतायची, म्हणून सेलूच्या बाजाराची भाजी आई गुडघाभर चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत डोक्यावर आणायची. घरातला पहिला बी.ए. मी झालो, त्याच वर्षी जुनी जीप घ्यायचं ठरलं. पुलगावला दोन उभ्या होत्या. एक मिलिटरीतून निघालेली, पोचे पडलेली, पण चारही चाकं ओढणारी. दुसरी लांब, चकचकीत, जोर फक्त मागच्या चाकांना. मी पहिली घ्या म्हटलं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, हसले. “या डबड्यातून नवरदेव नेशीन काय? कालेजात चिखल शिकवतेत काय रे तुले?” बाबा मोठ्या भावापुढे कधी बोलले नाहीत, तेव्हाही नाही. चकचकीत आली आणि श्रावणात भाजीसकट शेतातच रुतली. ती ओढायला बैल जुंपले, गाव जमलं. “पाहा रे, जीपले बैल जुतले!” आईनं जीपमधली पाटी डोक्यावर घेतली आणि चिखलात उतरली. पुढे नोकरी लागल्यावर चारही चाकं ओढणारी मी घेतली, तोवर आईचे गुडघे गेले होते. तिला उचलून बसवावं लागतं. पण बाजाराला जाताना ती पुढे बसते, आणि मोठेबाबा मागे, भाजीच्या पाट्यांत.