परशुरामकाकांचा फळा

माझ्या ब्लॉगला वर्ष झालं. दर गुरुवारी एक, असे बावन्न ललित लेख मी लिहिले. मोगऱ्यावर लिहिलं, आईच्या शिवणयंत्रावर लिहिलं, एकटेपणावर तर तीनदा लिहिलं. शाळेत ग्रंथपाल आहे, तेव्हा चांगलं लिखाण कोणतं हे मला कळतं असा माझा समज आहे. प्रत्येक लेखाला सरासरी अकरा वाचक. त्यात चार वेळा मीच.

आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली परशुरामकाकांचा फळा.

काका सत्तरीचे. डोंबिवलीतली आमची ही बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांच्या वडिलांचं भाताचं शेत होतं. जागेच्या बदल्यात तीन फ्लॅट मिळाले, त्यातल्या एकात ते राहतात. काम करायची गरज नाही, तरी पाण्याचा पंप तेच चालवतात, कारण वॉल्व्हला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. पाणी कधी सोडणार ते रोज फळ्यावर खडूने लिहितात आणि संध्याकाळी आठला पुसतात. शिक्षण सातवी. स्मार्टफोन नाही.

एवढ्यावर थांबले असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते वेळेखाली आणखी दोन ओळी लिहायचे. ‘सात ते पावणेआठ. विमलाबाईंचा गुडघा धरलाय, त्यांची भाजीची पिशवी जो वर नेईल त्याला माझ्याकडून जांभळं.’ लोक थांबून वाचायचे, हसायचे. तळमजल्यावरची रुपाली फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची. तिची नणंद नाशिकला असते, तीसुद्धा वाचायची. मला या लिखाणाचा राग यायचा. राग कसला, जळायचे मी.

एकदा न राहवून म्हटलं, “काका, मीही लिहिते हो.”

“आयकलंय. कुठल्या फल्यावर लिवतंस, बाय?”

ते चेष्टा करत नव्हते, हेच जास्त लागलं.

बावन्नावा लेख टाकला त्या संध्याकाळी सातला घरी आले, तर फळ्यासमोर सहा-सात जण उभे. त्यांत माझा नवरा कमलेश, पोट धरून हसत. “माझा लेख वाचलास?” मी विचारलं.

“वाचतो गं, रविवारी निवांत.”

फळ्यासाठी त्याला निवांतपणा लागला नव्हता. सगळे वर गेल्यावर मी तो मजकूर तीनदा वाचला आणि ओढणीच्या टोकाने पुसून टाकला. नाहीतरी तासाभरात काका पुसणारच, असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाणी बंद, असं त्यात लिहिलं होतं. वर येऊन मी पिंप, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवला. रुपाली नेमकी माहेरी गेलेली, त्यामुळे फोटोही नव्हता.

शुक्रवारी, उशिरा घरी येणाऱ्या वीस-बावीस घरांत थेंब नव्हता. विमलाबाई लंगडत, कळशी घेऊन माझ्याच दारात आल्या. मी भरून दिली आणि त्यांनी मला आशीर्वाद दिला.

शनिवारी मीटिंग झाली. सेक्रेटरी सहदेव म्हणाले, “काका, तुम्ही सवयीने लवकर पुसलंत. यापुढे छापील नोटीस लावू या.”

काका आपल्या हाताकडे बघत राहिले. “पुसला असल. हल्ली ध्यानात नाय ऱ्हात.” आणि त्यांनी पंपाची किल्ली काढून टेबलावर ठेवली. मी मान खाली घालून बसले होते. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. मग फळा उतरवला, कागद चिकटवला, आणि तो वाचायला कुणीच थांबेना.

रविवारी वर्षपूर्तीचा लेख लिहायला बसले. ‘प्रवास’ हा शब्द दोनदा लिहून खोडला. शेवटी जे केलं ते लिहिलं, ओढणीसकट, आणि लिंक ग्रुपवर टाकली. खाली जाऊन काकांनाही वाचून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “लय लांब लिवतंस, बाय,” म्हणाले, आणि फळा टांगायला खिळा शोधू लागले.

संध्याकाळपर्यंत एकशे अठ्ठ्याऐंशी वाचक झाले. एकतीस प्रतिक्रिया. तिघांनी मला झापलं होतं, ते योग्यच. उरलेल्या अठ्ठावीस जणांनी, रुपालीच्या नणंदेसकट, एकच विचारलं होतं: काकांनी लिहिलं काय होतं?

माझ्या लेखाबद्दल एक शब्द नाही. मी फोन पालथा घालून बसले. “सांगून टाक ना,” कमलेश म्हणाला, “तुला पाठ असेल.” पाठ होतंच. मी टाइप केलं:

‘उद्या पाणी बंद, आजच भरा. आता लिफ्ट आहे तिथं आमची विहीर होती. तिनं कधी सुट्टी घेतली नाही. तिच्यावरून वर जाता, नमस्कार नको, पण पिचकारी मारू नका.’

वर्षभरात माझ्या ब्लॉगवर लोकांना सगळ्यांत जास्त आवडल्या त्या याच ओळी. खाली नाव मी काकांचंच घातलं. पण त्याआधी मिनिटभर थांबले होते.