मराठीत आणा

नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला की आप्पा त्याला आधी ओसरीवर बसवून चहा पाजत. अस्खलित कन्नडमध्ये त्याच्या बायकामुलांची चौकशी करत, मग नोटीस न उघडताच त्याच्या हातात परत ठेवत आणि ‘हे मराठीत आणा, मग घेतो’ असं तेही कन्नडमध्येच सांगत. शिपाई खास चहासाठीच येतो, असा आम्हा शेजाऱ्यांना संशय होता.

कर्नाटकातल्या निपाणीकडच्या आमच्या छोट्या गावात आप्पा आमच्या वॉर्डाचे नगरसेवक. सभा सुरू झाली की पहिले तेच उभे राहत आणि विषयपत्रिका मराठीत का नाही, ते विचारत. अध्यक्ष मान डोलावत, आप्पा खाली बसत आणि मग गटारं, दिवे, पाणी असे विषय निघत. बाजारात तर तुम्ही कन्नडमध्येच घासाघीस करता, असं मी त्यांना एकदा चिडवलं. ते गंभीर झाले. म्हणाले, ‘‘कन्नडशी माझं वाकडं न्हाय रं. पर हक्काचा कागद आपल्या भाषेत मागायला लाजायचं कशाला?’’ मला ते पटलं. अजूनही पटतं.

लोकांच्या कामाला मात्र ते कधी नाही म्हणाले नाहीत. आमच्याकडे नळाला पाणी येण्याआधी नुसती हवा येते आणि त्या हवेवरच मीटर गरागरा फिरतं. गल्लीत एकट्या राहणाऱ्या चंद्राक्कांना असंच भरमसाट बिल आलं. गुडघे गेलेलं माणूस, पालिकेचे जिने कुठे चढणार? तू कशाला हेलपाटे घालतीस म्हणत आप्पांनी तक्रार स्वतःच्या नावावर केली.

त्यामुळे सुनावणीची नोटीसही आप्पांच्याच नावाने आली. कन्नडमध्ये. आप्पांनी शिपायाला चहा पाजला आणि कागद परत धाडला. सुनावणीला चंद्राक्कांच्या बाजूने कोणीच नव्हतं. तक्रार फेटाळली गेली आणि हे सगळं आप्पांना कळलं ते थकलेल्या बिलापायी चंद्राक्कांचा नळ तोडायला माणसं गल्लीत आल्यावर.

ऐन उन्हाळा होता. आम्ही शेजारी जमेल तसं पाणी देत होतो, पण आमचेच नळ चार दिवसांआड यायचे. चंद्राक्का कोपऱ्यावरच्या बोअरवरून दोन्ही हातांनी बादली धरून थांबत थांबत घरी यायच्या. आप्पा दिसले की बादली खाली ठेवून पदर सारखा करायच्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं. शेवटी त्या खानापूरकडच्या खेड्यात लेकीकडे निघून गेल्या.

आप्पांनी स्वतःच्या हाताने कन्नडमध्ये अर्ज लिहिला, खेटे घातले आणि नळ जोडून घेतला. मग मला सोबत घेऊन चंद्राक्कांना आणायला गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. नळ आलाय, चल, माझं चुकलं, असं आप्पा कसंबसं म्हणाले.

‘‘तुमचं काय बी चुकलं न्हाय, आप्पा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मराठीत मागायलाच पायजे. पर माझा कागद परत धाडायच्या आदी मला एकदा इचारायचं हुतं.’’

त्या आल्या नाहीत. त्यानंतर आप्पा कुठल्याच सभेत उभे राहिले नाहीत. निवडणूकही त्यांनी पुन्हा लढवली नाही. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही यायची.

गेल्या वर्षी आप्पा गेले. त्यांची मागणी कोणीतरी पुढे चालवावी म्हणून गल्लीतली मंडळी माझ्याकडे आली. मी हो म्हणण्याआधी घरोघर जाऊन ‘कागद मराठीत मागू का’ असं विचारलं. मग बस धरून खानापूरकडेही गेलो. चंद्राक्का आता अंथरुणाला खिळल्यात. आप्पा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. ते सांगितलं आणि मग मराठीत मागू का, हे त्यांनाही विचारलं.

त्यांनी पडल्या पडल्याच पदर सारखा केला. मग ‘मागा’ एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.