कूलरमध्ये करंट नाही, असा ठराव

आमच्या मुलींच्या होस्टेलला रेक्टर नव्हती, याचा आम्हाला भारी तोरा. स्वयंपाकापासून गेटच्या कुलपापर्यंत सगळं आमचं आम्ही पाहायचो. कुठलीही गोष्ट रविवारच्या सभेत हात वर करून ठरे, साधा मिस्त्री बोलवायचा तरी.

त्या मे महिन्यात अभ्यासिकेच्या खिडकीबाहेरच्या लोखंडी कूलरनं माझ्या रूममेटला झटका दिला. ती कामठीची, फटकन बोलून मोकळी होणारी. त्या महिन्यात पाणी भरायची पाळी तिची होती. सभेत उभी राहून म्हणाली, "त्या कूलरात करंट उतरून राहिला. मिस्त्री येईस्तोवर बंद ठेवा, नाही तर एखादी मरन!"

बंद? परीक्षा तोंडावर, बाहेर ऊन आग ओकतंय. नुसता गलका उठला. आमची अध्यक्ष कायद्याची विद्यार्थिनी, तिला सूर्य उगवल्याचाही पुरावा लागायचा. म्हणाली, "चला, सगळ्या जणी हात लावून पाहू."

आणि बाप रे, खरंच रांग लागली! एकेक जण यायची, बोट टेकवायची आणि "काहीच तर नाही वं" म्हणून हसायची. पायांत सगळ्यांच्या रबरी चपला, खालची जमीन कोरडी ठणठणीत. पाणी भरताना तिथे चिखल होतो, चपला घसरतात म्हणून आपण अनवाणी उभ्या राहतो, हे मी घसा फोडून सांगत होते. "करंट काय हात वर करून ठरते का वं?" रूममेट ओरडली. कोणी ऐकेल तर शपथ. कूलरमध्ये करंट नाही, असा ठराव पास झाला. विरोधात आम्ही दोघीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पाइप घेऊन निघाली.

"नको ना जाऊ," मी म्हटलं.

"नाही गेली तर म्हणतीन, हारली म्हणून रुसली."

मी अभ्यासिकेत जाऊन कूलरच्या बटणाला हात घातला, तर दोघी-तिघी अंगावर आल्या. "ठराव झाला ना? गरमीनं मारतेस काय?" मी तिथेच, बटणापाशी उभी राहिले. बाहेर पाण्याची धार पडत होती आणि ती काहीतरी गुणगुणत होती. मग गुणगुणणं मध्येच तुटलं. धार पडतच राहिली.

मी बटण बंद केलं आणि पळाले. ती चिखलात पडली होती, तळहात काळा पडलेला. श्वास होता. मी तिला कवटाळून मोठमोठ्यानं रडले.

पुढच्या रविवारी ती हाताला पट्टी बांधून सभेत बसली. कूलर दुरुस्त करायचा ठराव आला. सगळे हात पटापट वर गेले. तिचा मांडीवरच होता.

"तुझं मत?" अध्यक्षेनं विचारलं.

"माहं मत मी मागच्या रविवारीच देल्लं."

"म्हणजे एक तटस्थ," अध्यक्ष म्हणाली आणि तिनं पुढचा विषय घेतला.