दहा दिवसांच्या गोळ्या, तीन दिवसांच्या गोळ्या

घसा दुखायचा थांबला की उरलेल्या गोळ्या तुम्ही कुठे ठेवता?

आमच्या वडगाव रासाईच्या वस्तीत त्या डब्यात जपून ठेवतात. शेजारच्या पोराला ताप आला, तर त्याच्या आईची रोजंदारी बुडू नये म्हणून. वडील चळवळीतले; त्यांची पत्रकं वाटत मी मोठी झाले. त्यांत पाणी, रस्ता, मजुरी सगळं असायचं. गोळ्या कधीच नव्हत्या.

धाकटी बहीण पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करायची. तिचा घसा सुजला, थुंकीही गिळवेना. शिरूरच्या डॉक्टरांनी दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्याच सुमारास भीमेपलीकडे राहू गावात मावशीच्या मुलीलाही तेच दुखणं झालं. तिला दौंडच्या डॉक्टरांनी तीनच दिवसांचं औषध दिलं.

मावशी फोनवर हसली. "आमची तर भाकरी खाया लागली. तुमचा डॉक्टर मीटर लावून बसलाय का काय?"

"व्हय गं," आई म्हणाली, "आन् हिचं पोटबी बिघडलंय."

"मंग बंद कर की! मी काय कोंबडी हाय, सारखं दाणं टाकतीस?" बहीण आतून ओरडली. आवाज मोकळा झाला होता. उरलेल्या गोळ्या डब्यात गेल्या.

काही आठवड्यांनी तिचा गुडघा सुजला. पळून सुजला असेल म्हणून आईने तेल चोळलं. मग दुसरा गुडघा, ताप, आणि चार पावलांत धाप. पुण्यात तपासणी झाली. घशातल्या त्या जंतूंपायी उठलेल्या आजाराने हृदयाची झडप खराब केली होती.

तिथल्या डॉक्टर बाईंनी समजावलं, की दौंडचं औषध वेगळं, ते थांबवल्यावरही अंगात काही दिवस टिकतं. शिरूरचं लगेच उतरतं, म्हणून ते पुरं घ्यावं लागतं. नुसते दिवस बघून दोन्हींची तुलना होत नाही. कोर्स पुरा झाला असता तर धोका फार कमी झाला असता.

एवढं एक वाक्य गोळ्या देताना कुणाला बोलता आलं नाही? चूक माझ्या आईची नाही, हे मी भर चौकात सांगेन. आईला मात्र ते पटत नाही.

ते दुखणं पुन्हा उलटू नये म्हणून आता बहिणीला दर काही आठवड्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं. पळणं बंद. सरावाच्या मुली दारावरून जातात तेव्हा ती पांघरूण डोक्यावर ओढते, आणि आई चुलीपाशी हात थांबवून बसते.

पुढच्या वेळी गोळ्या हातात पडल्या की लगेच निघू नका. हे औषध किती दिवस, आणि बरं वाटलं तरी का घ्यायचं, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.