वर बघणारं माणूस

माझ्या दुकानात चेनसॉ दुरुस्त होते, चेनला धार लागते आणि गिऱ्हाइकाला बोलणी बसतात. पहिली दोन कामं नवरा शिकवून गेला, तिसरं माझं स्वतःचं. कुणी नुसती मशीन खांद्यावर टाकून लाकडं कापायला निघाला, की मी त्याला दारातच उभा करते आणि पिशवी उघडायला लावते. पिशवीत हातमोजे नसले तर मशीन परत कपाटात. गिऱ्हाईक चिडतं, माझ्या तोंडाला कोण लागणार म्हणतं, आणि मुकाट्यानं हातमोजे घेऊन येतं.

एकाच माणसाची पिशवी मला कधी तपासावी लागली नाही. ते म्हणजे सावकाशराव. हे नाव लोकांनी ठेवलेलं. काहीही विचारा, ते आधी "सावकाश" म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. बेकरीची भट्टी आणि आसपासच्या घरांतल्या शेगड्या त्यांच्या लाकडांवर पेटायच्या. वाळलेली झाडं तेवढी पाडायची, असा त्यांचा नियम होता.

त्यांच्या पिशवीत पेट्रोलचा डबा वेगळा, चेनच्या तेलाचा वेगळा. जादा चेन, गोल कानस, हातोडा. पाचरी प्लास्टिकच्या, कारण लोखंडी पाचरीला चेन घासली की दात गेलेच म्हणून समजा. वरच्या कप्प्यात बँडेज आणि शिट्टी. अंगात ती जाड पँट, जिच्यातले धागे चेनमध्ये गुंतून मशीन जागच्या जागी बंद पाडतात. पायात पोलादी टोकाचे बूट, डोक्यावर जाळीचं हेल्मेट, त्याला कान झाकायच्या दोन वाट्या. आणि बरोबर बायको.

हसू नका. बायको सामानातच मोडायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं सामान तेच होतं. झाड कापणाऱ्याची नजर बुंध्यावर असते आणि धोका असतो वर. शेंड्यातली एखादी मेलेली फांदी सुटते, झाड भलत्या बाजूला कलतं, आणि खाली मशीनच्या आवाजात आणि कानावरच्या वाट्यांत त्याला काही कळत नाही. म्हणून ही बाई त्यांच्या मागे तिरकी, लांब काठी घेऊन उभी राहायची आणि मान वर करून झाडाचा शेंडा बघायची. काठीनं पाठीत एकदा टोचलं की थांबायचं. दोनदा टोचलं की मशीन टाकून पळायचं. एकोणीस वर्षं हे चाललं. तिची मान कायम दुखायची. माझ्याकडे चहाला बसली की म्हणायची, "लग्न केलं या माणसाशी आणि जन्मभर बघत बसले झाडाकडे."

तापाचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत ती गेली.

मुलगी लांबच्या शहरात नर्स. ती आली, बारा दिवस राहिली. चला माझ्याबरोबर म्हणाली, तर हे म्हणाले, "सावकाश येतो." शेवटी तिनं माझ्यासमोर त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की एकट्यानं लाकडं कापायला जायचं नाही. ते हो म्हणाले. बायकोच्या जागी एक माणूस नेला, तो मोबाईलमध्ये बघत बसला. दुसरा नेला, तो इतका घाबरट की पान हललं तरी पाठीत टोचायचा. दिवसभरात एक झाड पडलं नाही.

मग ते दुकानात आले. उभ्या उभ्याच म्हणाले, "वहिनी, तुम्ही याल का वर बघायला? आठवड्यातून एक दिवस."

"दुकान कोण बघेल भाऊजी?" मी म्हटलं.

"ते बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले.

दुकान रविवारी बंद असतं, बुधवारी दुपारनंतरही बंद असतं. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. खरं सांगायचं तर मी घाबरले. माझी नजर एक क्षण हलली आणि काही झालं तर ते जन्मभर माझ्या माथी. सगळ्या गावाला सुरक्षेचे डोस पाजणारी मी, त्या दिवशी मागे सरले. मला त्याची लाज वाटते.

पुढची तीन वर्षं ते वेळेवर धार लावायला यायचे. सोबत कोण असतं, असं मी विचारलं की "असतं कुणीतरी" म्हणायचे. एकदा हेल्मेटचा पट्टा तुटला म्हणून ते माझ्याकडे ठेवून गेले. मी ते पुसायला घेतलं. कपाळावरची पट्टी घामानं काळी पडली होती, कडक झाली होती. पण कानाच्या वाट्यांची गादी नव्यासारखी मऊ. बोट दाबलं तर सावकाश वर आली. या वाट्या कित्येक महिन्यांत कुणाच्या कानाला लागल्या नव्हत्या.

ते हेल्मेट न्यायला आले तेव्हा मी ते काउंटरवर आपटलं. "भाऊजी, ह्या शोभेला लावल्यात का?"

ते सावकाश म्हणालेच नाहीत. थेट बोलले. "वर बघायला कुणी नाही वहिनी. मग कानानं बघतो. मध्येच मशीन हळू करतो आणि ऐकतो. लाकूड पडायच्या आधी तडकतं. वाट्या लावल्या तर ते ऐकू येत नाही."

"आणि कानांचं काय?"

"जीव वाचतो की."

वाट्या लावल्या तर एखाद्या दिवशी फांदी डोक्यात. नाही लावल्या तर रोज थोडे थोडे कान जाणार. तिसरा मार्ग होता, आणि तो काउंटरच्या अलीकडे उभा होता. मी पट्टा शिवून दिला आणि वाट्या लावत जा, एवढंच म्हटलं.

आता रविवारचं सांगते. त्यांचं घर खाली ओढ्याकाठी, तिथे फोनला रेंज नाही. म्हणून रविवारी चार वाजता ते माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर येऊन बसायचे आणि मुलीचा फोन यायचा. मी मागच्या खोलीत राहते, त्यामुळे माझ्या कानावर पडायचंच. आठवडाभर हा माणूस कुणाशी धड चार वाक्यं बोलत नसे. बेकरीवाल्याशी दोन, माझ्याशी दोन. रविवारी मात्र अर्धा तास हसायचे. एकदा मला म्हणाले, "वहिनी, फोनवर तिचा आवाज अगदी हिच्यासारखा येतो. समोर बसली की नाही येत, फोनवर येतो." त्या अर्ध्या तासावर ते उरलेला आठवडा काढायचे.

तो आवाज त्यांच्याकडून जायला लागला. आधी "काय?" वाढलं. मग "मोठ्यानं बोल." मग फोन स्पीकरवर. बाप-लेकीचं बोलणं आख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं, फक्त बापाला नाही. डॉक्टरकडे मी स्वतः घेऊन गेले. कानाच्या आतलंच गेलंय म्हणाले. कानात घालायचं यंत्र दिलं. सावकाशरावांनी दोन दिवस लावलं आणि डबीत ठेवून दिलं. "भांडी पडल्यासारखं येतं सगळं. त्यात ती कुठे ते सापडत नाही." मुलगी मेसेज पाठवायची, ते वाचायचे. "लिहिलंय छान," म्हणायचे, "पण कुणीही लिहू शकतं." व्हिडिओ लावून बघितला, तर तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच अडकून बसला.

त्या सुमारास मी त्यांची मशीन धार लावायला म्हणून ठेवून घेतली आणि परत दिलीच नाही. आता तर तडकलेलंही ऐकू येणार नव्हतं. त्यांनी कधी मागितली नाही. बेकरीवाला दुसरीकडून लाकडं घ्यायला लागला.

मग मी रविवारी बाकावर त्यांच्या शेजारी बसू लागले. मुलगी मला सांगायची, मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची. त्या कानात थोडंफार शिल्लक होतं. पहिल्या रविवारी तिनं पुष्कळ सांगितलं. वॉर्डमधली भांडणं, नवीन भाड्याची खोली, नळाचं पाणी. मी सगळं ओरडून पोचवलं. पण माझ्या तोंडून ते नुसती बातमी होऊन जायचं. हळूहळू तिचं बोलणं आटलं. मधे तिसरं माणूस बसलं की लेक बापाशी काय बोलणार? जेवलात का, औषध घेतलं का, थंडी आहे का. ते "हो" म्हणायचे, मी "हो म्हणतायत" म्हणायची. दहा मिनिटांत फोन बंद. मग ते चार ते साडेचार वेळ भरेपर्यंत तिथेच बसून राहायचे.

एका रविवारी ती मला म्हणाली, "काकू, आज तुम्ही सांगू नका. फोन बाबांच्या कानाला लावा आणि जरा लांब जा."

"अगं, त्यांना ऐकू नाही येणार."

"माहीत आहे मला."

मी फोन त्यांच्या हातात दिला, कानाला लावला आणि रस्ता ओलांडून समोरच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. ती बोलत असावी, कारण ते ऐकल्यासारखे मान हलवत होते. कुठे हुंकार द्यायचा हे कळत नसल्यामुळे ते ठराविक वेळानं "हं" म्हणत होते. मध्येच हसले. मला वाटलं, तिला रडू आलेलं असताना हसले नसोत म्हणजे झालं.

बराच वेळ गेला. मी परत रस्ता ओलांडून आले. फोनचा पडदा काळा झाला होता. तो केव्हाच कट झाला होता आणि ते अजून "हं" म्हणत होते.

मी फोन त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

मला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकले आणि ओरडले, "जपून राहा म्हणाली."

"एवढंच? इतका वेळ?"

"तेच तेच परत म्हणत होती."

"हो, हो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आईवर गेलीय. ती पण तसंच करायची."